एकोणिसावी केस

बाई, गेल्या आठवड्यात ती आली होती. राजापूरची. ती कोण हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी तिचा विषय निघाला की तुम्ही तिकडूनही मान वर करून बघाल याची मला खात्री आहे. मी कोण ते मात्र सांगायला हवं बहुधा. मी तिच्याच बॅचची, पहिल्या बाकावर बसणारी, आरे-वारेकडच्या खलाशाची मुलगी. बोर्डाच्या परीक्षेत तुमच्या नर्सिंगच्या शाळेतून पहिली आले होते, ती. तुम्ही जिथं आम्हाला पहिल्यांदा गाऊन चढवायला शिकवलंत त्या लेबर रूमची मी आता इन्चार्ज आहे. पांढरी साडी गेली, टोपी गेली, टेबलं बदलली, भिंतीला टाइल्स लागल्या. खिडकी तेवढी तीच आहे, आणि खिडकीबाहेरचं जांभ्याचं कुंपण.

सकाळचे अकरा वाजले असतील. ॲम्ब्युलन्स लागली आणि मागचं दार उघडून तीच उतरली, एका हातात सलाइनची बाटली उंच धरून. राजापूरजवळच्या आरोग्य केंद्रात ती गेली कित्येक वर्षं आहे. पेशंट आठव्या महिन्यातली, बीपी वाढलेलं, पाय सुजलेले, रडून रडून डोळेही सुजलेले. हायवेवरच्या खड्ड्यांतून दोन तास आणलेली बाई आणखी काय करणार? मी टेबल तयार ठेवलं होतं, डॉक्टरांना फोन झाला होता, बाळाचे ठोके दाखवणारं मशीन पलीकडच्या बेडवरून आणायला सांगितलं होतं. माझ्याकडे या गोष्टी पटापट होतात, बाई, त्यात कुणी बोट ठेवणार नाही. आणि मशीन येईपर्यंतच्या त्या दोन मिनिटांत तिनं खांद्याच्या कापडी पिशवीतून ते बाहेर काढलं. तुमचं फीटोस्कोप. बाळाचे ठोके ऐकायचा तो ॲल्युमिनियमचा भोंगा, कडेला एक पोचा आलेला. पेशंटच्या पोटावर टेकवला, कान लावला, क्षणभर थांबली आणि जवळच्या विद्यार्थिनीला म्हणाली, "ये गो बाय, तू मोज. मोठ्यानं मोज, तिलापण ऐकू दे."

पोरीनं कान लावला आणि तिचा चेहराच बदलला. एक, दोन, तीन म्हणून मोजायला लागली आणि टेबलावरची ती बाई रडायची थांबून तिच्या तोंडाकडे बघायला लागली. माझ्याकडे सध्या सहा जणी पोस्टिंगला आहेत. सहाच्या सहा रांग लावून उभ्या. मशीन आलं तरी कुणाचं तिकडे लक्ष नाही. त्यातली एक आगाऊ आहे, ती मला म्हणते, "मॅडम, तुम्ही आम्हाला हे कधी दाखवलंच नाहीत." मी म्हटलं, दाखवायला माझ्याकडे असायला तर हवं. हे जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं गेलं असावं, कारण सगळ्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या. ती तेवढी हसली. तिचं ते हसणं तुम्हाला आवडायचं. मला अजूनही त्यानं नाकाला मिरच्या झोंबतात. वय सत्तावन्न, घरी सून आलेली, हाताखाली बारा स्टाफ, आणि एका ॲल्युमिनियमच्या भोंग्यापायी माझ्या पोटात दुखतं. दुसरं कुणाला सांगू हे?

ती माझ्यापेक्षा हुशार नव्हती. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे बरं वाटेल. तिचे बेडचे कोपरे दुपारपर्यंत सुटायचे. तिचं चार्टवरचं अक्षर तुम्हालाही लागायचं नाही. सोमवारी ती हमखास उशिरा यायची आणि राजापूरच्या एसटीवर ढकलायची. इंजेक्शन देताना तिचा हात थरथरायचा, माझा पहिल्या दिवशीही थरथरला नाही. तरी वॉर्डातल्या बाया हाक मारायच्या त्या तिला. मी थर्मामीटर लावून, गोळी देऊन, चादर ओढून बारा बेड संपवायचे तेव्हा ती चौथ्या बेडवर बसून कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करत असायची. मी म्हणायचे, आता बाई हिला धरणार. तुम्ही दारात यायचात, बघायचात आणि परत जायचात. धरलंत ते मला.

तो दिवस मी विसरलेले नाही. तुम्ही विसरला असाल. मी एका बाईची तयारी केली होती, अगदी पुस्तकात आहे तशी, एकही पायरी न चुकवता. आणि ट्रे धुवायला गेले. तिच्या अंगावर चादर टाकायची राहिली आणि दार सताड उघडं. तुम्ही चादर टाकलीत, दार लावलंत. दुपारी लेबर रूम रिकामी झाल्यावर मला बोलावलंत आणि म्हणालात, "चढ टेबलावर. पाय वर घे." मी युनिफॉर्मसकट चढले, पाय अडकवले. तुम्ही दार उघडं टाकून निघून गेलात. दहा मिनिटं. बाहेरून आया गेल्या, एक ड्रायव्हर गेला, कुणाचे तरी नातेवाईक डोकावून गेले. साडी घोट्यापर्यंत नीट होती, काही दिसत नव्हतं, तरी मी छताकडे बघत दात आवळून पडले होते. तुम्ही परत आलात आणि एवढंच म्हणालात, "ऊठ. चहा पी जा." तेव्हापासून आजपर्यंत माझ्या लेबर रूमचं दार कधी उघडं राहिलेलं नाही. तुम्ही मला जे शिकवलंत ते मी शिकले, बाई. शिकणाऱ्याचं कौतुक करायची पद्धत तुमच्याकडे नव्हती, किंवा ते सगळं एकीलाच देऊन संपत होतं.

आता केस बुकाचं. आजच्या पोरींनाही तेच आहे, वीस बाळंतपणं आपल्या हातानं करायची, प्रत्येकीचं पान भरायचं, ट्यूटरची सही घ्यायची. वीस पानं झाल्याशिवाय पोस्टिंग संपत नाही. इतर ठिकाणी जी आधी ग्लव्ह्ज घालेल तिची केस, असा सरळ हिशेब असायचा. तुमच्याकडे तुमचा कायदा. जिनं कंबर चोळली तिची केस. बाई ॲडमिट झाल्यापासून जी तिच्याजवळ बसली, कळ आली की कंबर चोळली, पाणी पाजलं, लघवीला नेऊन आणलं, तिनंच बाळ हातात घ्यायचं. सही करताना तुम्ही पान उलटून बघायच्या आधी विचारायचात, "कंबर कुणी चोळली?" आम्ही हसायचो, पण खोटं बोलायची छाती कुणाची नव्हती.

त्या वर्षी गणपती लवकर होते. वीस पूर्ण झालेल्यांनी घरी जायचं, बाकीच्यांनी हॉस्टेलवर राहून पूर्ण करायचं, असं तुम्ही फळ्यावर लिहिलंत. गणपतीला घरी नाही, म्हणजे काय हे कोकणातल्या पोरीला समजावून सांगायला नको. माझे वडील बोटीवरून वर्षातून एकदा त्याच सुट्टीला यायचे. तीन दिवस उरले होते. माझ्या अठरा झाल्या होत्या. तिच्याही अठरा.

सकाळी संगमेश्वराकडची एक पहिलटकरीण आली. बारीकशी, एकोणीस-वीस वर्षांची, आई बाहेर बाकावर बसलेली. राजापूरची तिच्याजवळ बसली ती बसलीच. मी दुसरं काही येतंय का म्हणून घिरट्या घालत होते, काही येत नव्हतं. कळा वाढल्या तशी ती पोर हिचा पदर सोडीना. ही तिची कंबर चोळतेय, चोळताना बोलतेय, तुमच्याकडे आंबे कुठले, तुझा नवरा कुठे असतो, सासू कशी. चार तास. दुपारी स्टाफ सिस्टर दुसऱ्या टेबलावर अडकल्या होत्या, म्हणून त्यांनी मला सांगितलं, तू तपासून बघ. मी तपासलं.

गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं. बाळाचं डोकं बोटाला लागत होतं. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मी ग्लव्ह्ज काढले आणि राजापूरचीला म्हटलं, "अजून दोनेक तास जातील. सकाळपासून पोटात काही नाही बिचारीच्या. पेज घेऊन ये जा किचनमधून." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्या तपासणीवर तिचा माझ्याहून जास्त विश्वास. त्या पोरीच्या केसांवरून हात फिरवला, "आलेच गो" म्हणाली आणि गेली. किचन तेव्हा पार मागच्या बाजूला होतं, तुम्हाला आठवत असेल. जायला दहा मिनिटं, पेज गरम करून घ्यायला दहा, यायला दहा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती नसताना बाई डिलिव्हर झाली, वेळच आली, कुणाच्या हातात असतं का, असंच सगळ्यांना वाटलं. त्या पोरीनं मला दोनदा विचारलं, "ती मगासची बाय कुठं गेली गो? तिला हाक मार ना." मी म्हटलं, येतेय, तू जोर लाव. बाळ नीट आलं. मुलगी होती, सव्वादोन किलोची, आल्या आल्या रडली. टाका एकसुद्धा लागला नाही. माझं काम स्वच्छ होतं, बाई, ते आजही सांगते. मी नाळ बांधत होते तेव्हा ती दारात उभी राहिली, हातात वाफाळणारा वाडगा. माझ्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अगो, झालीसुद्धा?" बस, एवढंच. मग त्या पोरीला उशाशी बसून चमच्यानं पेज भरवली. ती पोर तिच्या गळ्यात पडून रडली. माझ्याकडे बघायचंही तिला सुचलं नाही, बाळ मी काढलं होतं तरी.

संध्याकाळी तुम्ही केस बुक उघडलंत. पान एकोणीस. "कंबर कुणी चोळली?" मी म्हटलं, "मी." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. किती वेळ बघितलंत ते मला सांगता येणार नाही. मग सही केलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी विसावी झाली आणि मी गणपतीला घरी गेले. वडील आले होते. आरतीला मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि मला अजिबात वाईट वाटत नव्हतं, हेही लिहिते.

वाईट वाटलं ते परत आल्यावर. हॉस्टेलला ती एकटीच राहिली होती आणि क्वार्टरमध्ये तुम्ही एकट्या. तुम्ही तिला जेवायला बोलावलंत. एकदा नाही, सगळे दिवस. गौरीच्या दिवशी तुम्ही दोघींनी मिळून घावन-घाटलं केलंत म्हणे. नारळ तिनं खवला, घावन तुम्ही घातलेत आणि पहिले दोन तव्याला चिकटले म्हणून दोघी हसत बसलात. हे सगळं तिनंच मला सांगितलं, भोळेपणानं, अगदी तव्यासकट. मी आठ दिवसांनी आले तर तुमची दोघींची घरची भाषा झालेली. रविवारी हॉस्टेलच्या खिडकीतून मला तुमच्या स्वयंपाकघराचं दार दिसायचं. ती पाटावर बसलेली, तुम्ही तव्याशी. आम्हाला तुम्ही कधी पाठमोऱ्या दिसला नव्हतात. मी तिला पेज आणायला पाठवलं नसतं तर ती गणपतीला राजापूरला गेली असती आणि तो पाट रिकामाच राहिला असता. तुमच्या स्वयंपाकघरात तिला मीच पाठवलं, बाई. हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत, पंधरा मिनिटं पुरली. पचायला मात्र अजून लागतायत.

मग मीही प्रयत्न केला. आईनं घरी वाळवलेले कोळंबीचे सोडे, अगदी निवडक, डब्यात भरून तुमच्या दाराशी घेऊन आले. तुम्ही डबा उघडलात आणि इतक्या सभ्यपणे मिटलात! "मी मासे खात नाही गं. पण आईला सांग, सोडे सुंदर आहेत." सगळ्या हॉस्टेलला माहीत होतं, मला सोडून. ती दर खेपेला आमसुलं आणि कुळथाचं पीठ आणायची ते का, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. डबा तुम्ही मेसच्या मावशींना दिलात आणि मला संध्याकाळी मेसमध्ये माझ्याच आईचे सोडे वाढले गेले.

निरोप समारंभाला मला पहिली आले म्हणून कप मिळाला, तो पाहुण्यांच्या हातून. नंतर तुम्ही तिला बाजूला बोलावलंत आणि स्वतःच्या ड्रॉवरमधून काढून ते फीटोस्कोप दिलंत. तुमच्या ट्यूटरनं तुम्हाला दिलेलं होतं ते. मी फाटकापाशी उभी राहून बघितलं. कप माझ्याकडे कुठल्या तरी माळ्यावर असेल.

शेवटच्या आजारात तुम्ही माझ्याच वॉर्डला होतात. आठ दिवस मी तुम्हाला पुसलं, कूस बदलली, पाठीला पावडर लावली, दार लावून घेतलं. माझी ड्यूटी नसतानाही आले. तुम्ही "छान" म्हणालात, एकदा, चादरीला. रविवारी ती एसटीनं आली, तुमच्या पायाशी बसली, तळवे चोळले आणि तुम्हाला गाढ झोप लागली. मी औषधाची ट्रॉली घेऊन तुमच्या बेडपाशी थांबले होते. एका तासात ती निघून गेली. तेव्हा मी तुम्हाला विचारू शकले असते की त्या संध्याकाळी तुम्हाला काय कळलं होतं. नाही विचारलं. आजारी माणसाला काय विचारायचं, असं स्वतःला सांगितलं.

तर गेल्या आठवड्यात. पेशंट स्थिर झाली, वर हलवली, आणि मी तिला चहाला चेंजिंग रूममध्ये नेलं. ती येत्या मे महिन्यात रिटायर होतेय. पिशवीतून ते फीटोस्कोप काढून तिनं टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. "हे तू ठेव. तुझ्याकडे पोरी शिकायला येतात. माझा डावा कान पूर्ण गेलाय गो, ढोल वाजवलास तरी कळणार नाही. उजव्यानं बोलणं कळतं, पण ठोके निसटतात. म्हणून तर पोरींना मोजायला लावते." मी समजत होते, ती मला दाखवायला त्यांना शिकवत होती. बाई, खरं लिहायचं तर तिचा कान गेला हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग लाज वाटली. पण आधी बरं वाटलं.

आणि मग चहा फुंकता फुंकता ती हसून म्हणाली, "तुला आठवतं, ती संगमेश्वरची? बाईंनी मला त्या दिवशी दुपारीच बोलावून विचारलंन, कंबर कुणी चोळली म्हणून. मी म्हटलं, दोघींनी. तुझे वडील यायचे होते ना. मला काय, आमच्याकडे गणपतीला तीस माणसं, मी नसले तरी कुणाला पत्ता नाही." मी कप खाली ठेवला. म्हणजे माझं एकोणिसावं पान तिच्या खोट्यावर उभं होतं. तुम्ही सही केलीत ती मला नव्हे. आणि तुम्हाला दोघींचं खोटं कळलं असणारच, तुम्ही कळणाऱ्यातल्या होतात. एका खोट्याला चष्म्यावरची नजर आणि दुसऱ्याला घावन आणि फीटोस्कोप? हा कुठला न्याय, असं मला त्या चेंजिंग रूममध्ये ओरडून विचारायचं होतं. न्याय कुठला ते मला कळत होतं, म्हणून तर जीव जळत होता. एक गोष्ट मात्र तुम्हाला दोघींनाही माहीत नाही. ती समजते, माझ्या नशिबानं बाळ लवकर आलं. तिनं माफ केलंय ते अर्धंच. बाकीचं तिच्यापर्यंत गेलेलंच नाही.

बाहेर ॲम्ब्युलन्सचा हॉर्न वाजला. ती उठली. मी फीटोस्कोप घेतलं, नाही म्हटलं नाही, तोंडदेखलंसुद्धा नाही. कॉरिडॉरमधून आम्ही जोडीनं चाललो होतो. सांगायचं तर आताच, मेनंतर ती राजापूर सोडून मुलाकडे जाणार, असं माझ्या मनात आलं आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं, हळू पण स्पष्ट. तोंड पूर्ण उघडलं होतं, मला माहीत होतं, पेज आणायला मी तुला मुद्दाम पाठवलं. तीन वाक्यं. फाटकापाशी पोचल्यावर ती माझ्याकडे वळली, "काही म्हणालीस काय गो?" मी म्हटलं, "जेवून जा म्हटलं." "आता नको, गाडी थांबलीय," म्हणाली आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

चेंजिंग रूममधून निघताना मी तिच्या उजव्या बाजूला होते, बाई. बोलायच्या आधी मी मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेले.

तिचे डोळे अजून चांगले आहेत. ती पेपर चष्म्याशिवाय वाचते, त्या दिवशी चहा पितानाही वाचत होती. तिचा राजापूरचा पत्ता माझ्याकडे आहे. म्हणून हे तिला नाही, तुम्हाला लिहिलं.